दिवा लागला नाही तर? पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी हातानं करायचं विज्ञान

सहा-सात वर्षांचं मूल एका प्रश्नाला फार तर वीस मिनिटं चिकटून राहतं. त्यातली दहा सामान वाटण्यात गेली तर प्रयोग तिथंच संपला. म्हणून पाठ निवडताना एकच कसोटी लावायची: मुलानं हातानं एक गोष्ट बदलली की मिनिटभरात डोळ्यांना फरक दिसला पाहिजे. ज्वालामुखीसारखे फसफसणारे देखावे या कसोटीत बसत नाहीत. बाई ओततात, मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन सांगायला फक्त फेस उरतो.

इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलांबाबत एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. ती घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. "सावली" म्हटल्यावर एखादं मूल गप्प बसलं तर ते विज्ञानात अडलंय असं नाही, त्याच्या डोक्यात "परछाई" आहे. फळ्यावर दोन्ही शब्द लिहा, मुलाला हवा तो वापरू द्या. (आपल्याकडे "शिक्षा" हा शब्दही घरी दंड सांगतो आणि शाळेत शिक्षण, तेव्हा मुलांना या घोळाची सवय असते.)

वर्गाची मांडणी सोपी ठेवा. चार मुलांमागे एक स्टीलची थाळी आणि गटाचं सगळं सामान तिच्यात. थाळीला काठ असतो, त्यामुळे सेल गडगडत नाहीत, पाणी सांडलं तरी वह्या वाचतात, आणि शेवटी सामान मोजून घेता येतं. विजेच्या पाठाला मात्र थाळीत दोन सेट ठेवा, दोघांत एक. चौघांत एक बल्ब दिला तर एकजण लावतो, एकजण ओढतो आणि उरलेले दोघे खिडकीतून बाहेर बघतात.

प्रत्येक सेट आदल्या संध्याकाळी स्वतः जोडून बघायचा. एक चालला म्हणजे बाराही चालतील असं नसतं. आणि कुठलाही प्रयोग करण्याआधी मुलांकडून अंदाज वदवून घ्यायचा. लिहिता न येणाऱ्यांना हिरवा आणि लाल असे कागदाचे दोन तुकडे द्या: "तरंगेल" वाटतं त्यानं हिरवा वर करायचा, "बुडेल" वाटतं त्यानं लाल. अंदाज दिलेलं मूल उत्तराची वाट बघतं.

एक सेल, एक तार, एक बल्ब

विजेचा पाठ दुसरी-तिसरीला द्यावा. पहिलीच्या बोटांना तार दाबून धरणं जड जातं.

दोघांत एक मोठा सेल (टॉर्चमध्ये घालतात तो, दीड व्होल्टचा), टॉर्चचा अडीच व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि १५ सेंटीमीटरची एक तार. तार आतून एकेरी असावी, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी. अनेक बारीक तारांची वायर टोकाला पिंजारते आणि लहान बोटांना ती आवरत नाही. दोन्ही टोकं दोन-दोन सेंटीमीटर सोलून द्या. हे काम मोठ्यांनीच करायचं, कारण मुलं दातानं सोलतात. सामान महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत विचारा. टॉर्चचे जुन्या पद्धतीचे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत, मिळाले की वर्षभराचे घेऊन ठेवा.

सेल साधे, झिंक-कार्बनचे घ्या. अल्कलाईन सेल जास्त टिकतो हे खरं, पण शॉर्ट झाला (दोन्ही टोकं तारेनं थेट जोडली गेली) तर तो करंटही जास्त देतो आणि तार बोटाला चटका बसेल इतकी तापते. चार्ज करायचे सेल आणि मोबाईलची बॅटरी याच कारणानं अजिबात नको. भिंतीतल्या प्लगशी या पाठाचा काही संबंध नाही, हे मुलांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्यांच्याकडून म्हणून घ्या.

मग एवढंच म्हणायचं: "पेटव." होल्डर द्यायचा नाही, चित्र काढून दाखवायचं नाही. खिडक्यांचे पडदे मात्र ओढून घ्या, कारण एका सेलवर हा बल्ब मिणमिणताच लागतो आणि भर उजेडात लागलेला कळत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक जोड्या दोनच चुका करतील. पहिली: सेलच्या एका टोकाला तार, तारेचं दुसरं टोक बल्बच्या बुडाला, आणि सेलचं दुसरं टोक मोकळं. नळासारखी वीज एका बाजूनं आली की पुरे, अशी ही कल्पना आहे. दुसरी: तारेची दोन्ही टोकं सेलच्या दोन टोकांना आणि बल्ब नुसता वर टेकवलेला. इथं तार तापते. म्हणून नियम आधीच ठरवून घ्या: गरम लागलं की सोडायचं.

अडलेल्या जोडीला उत्तर देऊ नका. बल्ब हातात देऊन विचारा, "याला धातू कुठं-कुठं दिसतो?" बल्बला स्पर्शाच्या दोन जागा असतात, बुडाचा ठिपका आणि बाजूचं आट्याचं कडं. विजेला एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडायचं असतं. हे ज्या मुलानं स्वतः हुडकलं त्याला "परिपथ" हा शब्द दोन मिनिटांत समजतो. बल्ब सेलवर उभा, कडं तारेला, तारेचं दुसरं टोक सेलच्या तळाला ही एक रीत. अशा चार रीती निघतात: बल्बचा ठिपका किंवा कडं, सेलचं वरचं टोक किंवा खालचं. ज्यांना लवकर जमलं त्यांना बाकीच्या तीन शोधायला लावा, म्हणजे ते शेजाऱ्यांच्या सेटमध्ये हात घालणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोन पेन्सिल सेलचा तारा लावलेला होल्डर, बल्बचा होल्डर आणि खटका. खटक्यासाठी पुठ्ठ्याच्या तुकड्यात दोन ड्रॉइंग पिना, एकीखाली जेमक्लिप अडकवलेली, ती फिरून दुसऱ्या पिनेला टेकली की चालू. जेमक्लिप साधी, पांढरी घ्या. रंगीत क्लिपांवर प्लॅस्टिकचा थर असतो, त्यातून वीज जात नाही, आणि मुलं नेमकी रंगीतच उचलतात. डोक्यावर प्लॅस्टिक असलेल्या पिनांचंही तेच.

खटक्याच्या जागी वस्तू ठेवून तपासणी करता येते: चमचा, बांगडी, खोडरबर, शिसपेन्सिलीचं शिसं, चॉकलेटचा चकचकीत कागद. शिशातून वीज जाते पण बल्ब क्षीण लागतो किंवा लागतच नाही. इथं दोन्ही टोकांना तासलेली आखूड पेन्सिल घ्या. चॉकलेटच्या कागदाला अनेकदा पारदर्शक थर असतो, मग "चमकतं ते सगळं धातू" हा अंदाज चुकतो. असे चुकणारे अंदाज यादीत मुद्दाम ठेवावेत.

एलईडी तिसरीसाठी ठेवा. ५ मिलिमीटरचा लाल एलईडी आणि त्याच्याबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा छोटा भाग), त्याच्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी, सोनेरी. लाल एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो. दोन सेलचे तीन व्होल्ट, उरलेला एक व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे करंट सुमारे १० मिलिअँपिअर. रेझिस्टर गाळला तर एलईडी झगझगीत लागून कायमचा मंद होऊ शकतो, नाहीतर जळू शकतो. पांढरा आणि निळा एलईडी तीन व्होल्टच्या आसपास मागतात, म्हणून या जोडणीत ते रडत-रडत लागतात. लाल एलईडीही एका सेलवर लागत नाही. लांब पाय अधिक बाजूला. पाय कापलेले असतील तर कडेचा सपाट भाग बघा, तो उणे बाजूचा. बल्ब उलटा लावला तरी लागतो, एलईडी लागत नाही, हे मुलांनी स्वतः उलटंसुलटं करून बघावं. रेझिस्टरला दिशा नसते.

आता या पाठाचं खरं मर्म. दिवा लागला नाही की मूल हात वर करतं, आणि शिकवणारा सवयीनं जाऊन लावून देतो. तसं करू नका. मुलाला शोधायची रीत द्या: शेजारच्या चालू सेटमधली एकच वस्तू आणायची, आपल्यात घालून बघायची, परत नेऊन ठेवायची. आधी सेल, मग बल्ब, मग तार. एकदम दोन वस्तू बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. सात वर्षांच्या मुलाला हे नीट जमतं, आणि पुढं आयुष्यभर मिक्सरपासून संगणकापर्यंत हीच रीत उपयोगी पडते.

तुमच्या माहितीसाठी, दोष कुठं असतात त्याचा साधारण क्रम: होल्डरमध्ये सेल उलटा, होल्डरची स्प्रिंग सेलला टेकत नाही, बल्ब पुरता आवळलेला नाही, तार आणि धातू यांच्यामध्ये चिकटपट्टीचा गोंद आला, तारेचं टोक नीट सोललेलं नाही किंवा तिच्यावर मुलामा आहे (मोटारीतून काढलेली तांबडी तार असते तशी, ती काचकागदानं घासावी लागते). सेल उतरलेला असणं सगळ्यांत शेवटी, तरी मुलं आधी त्याच्यावरच आळ घेतात.

आणि एक सक्त सूचना. बटणासारखा चपटा सेल वर्गात आणू नका, ग्रीटिंग कार्डातला नाही, घड्याळातला नाही. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. उतरलेला सेलही घातक. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी न करवता थेट दवाखान्यात न्यायचं. छोटे, फार जोरकस चुंबकही याच यादीत: दोन गिळले तर आतड्याला मध्ये धरून चिकटतात.

सावली आणि बाराचा गैरसमज

हा पाठ मिनिटात संपत नाही, दिवसभर चालतो. तरी घ्यावा, कारण सामान जवळजवळ काहीच लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आकाश स्वच्छ असतं.

मोठी कार्डशीट (५६ गुणिले ७१ सेंटीमीटर) गच्चीवर किंवा अंगणात पसरा, लांब बाजू पूर्व-पश्चिम. दक्षिणेकडच्या कडेजवळ, मधोमध, मातीच्या गोळ्यात पेन्सिल उभी करा, जमिनीपासून बरोबर १० सेंटीमीटर उंच. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी पेन्सिल सरळ आहे का बघा. साडेदहा, साडेअकरा, साडेबारा, दीड अशा वेळी सावलीच्या टोकावर ठिपका द्यायचा आणि शेजारी वेळ लिहायची. सगळी सावली गिरवू नका, टोक पुरे. टोक धूसर दिसतं, ते चूक नाही: सूर्य ठिपका नसून तबकडी आहे.

इथं बिघडतं ते कागद हलल्यानं. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि शिवाय फरशीवर खडूनं कोपरे आखून ठेवा, म्हणजे कुणाची लाथ लागली तरी कागद जागेवर आणता येतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे दर वेळी सांगा.

बहुतेक पुस्तकी मजकुरात "दुपारी बारा वाजता सावली सगळ्यांत लहान" असं लिहिलेलं असतं. इंदूरला ते खरं ठरत नाही आणि मुलं ते पकडतात. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतं, इंदूर ७५.९ अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथं सरासरी २७ मिनिटं उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. वर्षभरात त्यातही फेर पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२:४० ला. मुलांना हे गणित सांगायची गरज नाही. त्यांनी ठिपक्यांतून सर्वांत लहान सावली शोधावी आणि घड्याळाशी ताडून बघावी. गणित तुमच्यासाठी आहे, म्हणजे "तुझं काहीतरी चुकलं" असं तुमच्या तोंडून निघणार नाही.

तुमच्या पडताळणीसाठी आकडे: डिसेंबरच्या शेवटी १० सेंटीमीटर पेन्सिलीची मध्यान्हीची सावली १० सेंटीमीटरहून किंचित जास्त पडते, २१ मार्चच्या सुमारास ४ सेंटीमीटरच्या थोडी पुढं. दोन्ही महिन्यांत एकेकदा पाठ घेतलात तर दोन कागद शेजारी टांगा. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला मध्यान्हीची सावली नाहीशी होते, कारण कर्कवृत्त आपल्या थोडं उत्तरेला, उज्जैनच्याही पुढं आहे. पण तेव्हा एकदा सुट्टी आणि एकदा ढग.

सहल काढायची असेल तर उज्जैनची वेधशाळा ५५ किलोमीटरवर आहे. सवाई जयसिंहानं १८ व्या शतकात बांधलेलं तिथलं सम्राट यंत्र म्हणजे मुलांच्या पेन्सिलीचंच मोठं भावंड: तिरपी भिंत, तिची सावली, आणि सावलीवरून वेळ. कागदावरचं काम आधी करून मग न्या. उलट क्रमानं नेलं तर मुलांना तो फक्त घसरगुंडीसारखा जिना दिसतो.

वाटी का तरंगते

पहिलीसाठी हा सर्वांत चांगला पाठ, आणि सामान स्वयंपाकघरातच आहे. टबात आठ-दहा सेंटीमीटर पाणी. संत्रं सालासकट टाका, तरंगतं. तेच सोलून टाका, बुडतं. हलकं झालेलं संत्रं बुडावं हे मुलांना पटत नाही, पुन्हा-पुन्हा करून बघतात. सालात हवा असते. मग स्टीलची वाटी: आडवी सोडली की बुडते, उताणी अलगद ठेवली की तरंगते. "जड वस्तू बुडते" हा समज वाटीनं मोडतो.

त्यानंतर नाव. प्रत्येकाला ॲल्युमिनियम फॉईलचा १५ गुणिले १५ सेंटीमीटरचा तुकडा आणि १ रुपयाची एकाच आकाराची नाणी. (जुनी आणि नवी नाणी वेगळ्या वजनाची असतात, मिसळू नका.) कुणाची नाव जास्त नाणी नेते? काठ १ सेंटीमीटर ठेवला तर आत साधारण १७० घन सेंटीमीटर जागा, अडीच ठेवला तर २५०, साडेतीन ठेवला तर पुन्हा कमी, सुमारे २२५. सांगायचं नाही, मुलांना दोन-तीन नावा करू द्या. प्रत्यक्षात नाव भरण्याआधीच कलंडते, कारण नाणी एका कोपऱ्यात पडतात. कोपरे कापून केलेली नाव गळते, कोपरे दुमडून करायला शिकवा.

चुंबकाचा पाठ याच आठवड्यात उरकता येतो. जुन्या स्पीकरमधलं काळं कडं घ्या. "सगळे धातू चिकटतात" हा समज मोडायला नाणीच कामी येतात: १ रुपयाचं चिकटतं, पिवळं ५ चं नाही. स्वयंपाकघरातलं स्टील कधी चिकटतं, कधी नाही, तेव्हा वस्तू आधी घरी तपासून आणा.

ओला कचरा, सुका कचरा

इंदूरच्या मुलांना कचऱ्याची पिवळी गाडी आणि तिचं गाणं पाठ असतं. ओला-सुका वेगळा का करायचा हे मात्र बघितलेलं नसतं. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीचं डोकं कापा, तळाला तापलेल्या सुईनं दहा भोकं पाडा (मोठ्यांनी), पाच सेंटीमीटर बागेची माती, त्यावर दोन मुठी भाजीची सालं, एक केळ्याचं साल आणि एक चिप्सच्या पाकिटाचा तुकडा, सगळं बाटलीच्या भिंतीला टेकून दिसेल असं, वर पुन्हा माती. तोंडावर सुती कापड बांधा, नाहीतर चिलटं होतात. शिजलेलं, तेलकट अन्न घालू नका. दर शनिवारी चित्र काढायचं. चार ते सहा आठवड्यांत सालं काळी पडून ओळखू येईनाशी होतात, पाकीट जसंच्या तसं. कुबट वास आला तर पाणी जास्त झालंय: वाळलेली पानं कुस्करून घाला, हलवा.

गावातल्या ओल्या कचऱ्याचं काय होतं हे सांगायला देवगुराडियाचा बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारा) प्रकल्प आहे, रोज ५५० टन क्षमतेचा, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला. तिथं काम हवेशिवाय चालतं, बाटलीत हवेबरोबर, म्हणून "आपल्या बाटलीतूनही तसाच गॅस निघेल" असं मुलांना सांगू नका. गॅस निघताना दाखवायचाच असेल तर वेगळी बाटली घ्या: १०० मिलिलिटर कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा कोरडं यीस्ट, तोंडाला आधी एकदा फुगवून सैल केलेला फुगा. अर्ध्या तासात तो उभा राहतो. पाणी हाताला कढत लागलं तर यीस्ट मरतं, थंड असेल तर हिवाळ्यात तास लागतो. आणि हा गॅस जळणारा नव्हे, कार्बन डायऑक्साइड आहे.

सामान आवरताना होल्डरमधून सेल काढूनच ठेवा. महिनोन्महिने आत राहिले तर झिंक-कार्बनचे सेल पाझरू शकतात आणि स्प्रिंग गंजते, मग पुढच्या वर्षी सेट बंद. हिरवट-पांढरी पूड दिसली तर जुन्या ब्रशनं घासून काढा, काचकागद फिरवा. जेमक्लिपा एका डबीत, बल्ब दुसऱ्या डबीत कापसात. चुंबक तिसऱ्या डबीत, जेमक्लिपांपासून लांब.